लहान शाळेचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही, शाळेवर बोलायचे आहे. पण हिशेब तोच, उत्पादन खर्चाचा. आणि तो आपल्याइतका दुसऱ्या कुणाला कळत नाही.

अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. त्या देशात सगळ्यात जास्त कापूस तिथे पिकतो. लबक शहराभोवतीच्या पठारावर कापूस आणि ज्वारी, आणि त्यातले बरेचसे रान आपल्यासारखेच पावसावरचे. तिथल्या सरकारी शाळा ‘शाळा जिल्ह्या’कडे असतात. हा कलेक्टरचा जिल्हा नव्हे. एखाद्या गावापुरताही असतो. त्याला निवडून दिलेले मंडळ असते आणि ते मंडळ घरा-जमिनीवर कर बसवते.

१९९५ साली टेक्सासने दुसरी वाट काढली. संस्थेने सरकारशी करार करावा, शाळा आपल्या पद्धतीने चालवावी, फी घेऊ नये आणि निकाल दाखवावा. या कराराला तिथे चार्टर म्हणतात, आपण सनद म्हणू. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला होता. टेक्सासमध्ये अशी सनदी संस्था स्वतःच एक शाळा जिल्हा धरली जाते, मग तिची एकच शाळा का असेना. बहुतेक सनदी शाळा शहरांत आहेत, पण लहान संस्थेची अडचण कुठेही सारखीच.

आईबापांना निवड मिळाली, ही गोष्ट चांगली. एकाच दारात माल घालायची सक्ती काय असते ते १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदीत आपण पाहिले आहे. पण निवड मिळाली म्हणजे हिशेब आपोआप बरोबर होत नाही.

पैसा कसा येतो ते पाहा. सनदी शाळेला कर बसवता येत नाही. सरकार माणशी रक्कम देते, आणि तीही पटावरच्या मुलांवर नव्हे, रोजच्या सरासरी हजेरीवर. ही मूळ रक्कम २०१९ पासून वर्षाला ६,१६० डॉलर होती. महागाई वाढत गेली, रक्कम जागची हलली नाही. २०२५ मध्ये तीत ५५ डॉलर वाढले, ६,२१५ झाले. आपल्याला यात नवे काही वाटणार नाही!

आता समजा, शाळेत २०० मुले आहेत आणि हजेरी शेकडा ९२. पैसे १८४ मुलांचे आले. १६ मुलांचे, म्हणजे ९९,४४० डॉलर गेले. पण म्हणून मास्तर कमी झाला का? छप्पर लहान झाले का? बस निम्म्या रस्त्यावरून परतली का? बैलजोडी दहा एकराला लागते तशी चार एकरालाही लागते. रान लहान झाले म्हणून बैल कमी खात नाही. टेक्सासच्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. १,६०० पेक्षा कमी मुलांच्या सरकारी शाळा जिल्ह्यांना तो लहानपणापोटी जादा रक्कम देतो. लहान शाळेचा माणशी खर्च जास्त पडतो, हे सरकारनेच कबूल केले.

दुसरी बाजू निकालाची. तिथे वार्षिक परीक्षेवरून शाळांना अ ते फ अशा पाच प्रती लावतात. इयत्तेत २० मुले असली तर एका मुलामागे निकाल शेकडा ५ ने हलतो. एखादे आजारी पडले, एखादे गाव सोडून गेले, की शाळा वर किंवा खाली! एका सालच्या पावसावरून रानाची प्रत ठरवाल का? आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे अभ्यास किंवा पैशाच्या तपासणीत लागोपाठ ३ वर्षे नापास झालेल्या संस्थेची सनद आयुक्ताने काढून घेतलीच पाहिजे. बुडव्या शाळेला आवर हवा, हे खरे. पण हजेरी घटली की पैसा घटतो, पैसा घटला की चांगला मास्तर जातो, मास्तर गेला की निकाल घसरतो. लहान शाळा या चक्रात सापडली तर दोन्ही तपासण्यांत एकाच कारणाने मार खाते.

सनदी शाळा चांगल्या की वाईट? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत गणितात १०० पैकी १७ शाळा सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ मागे, बाकीच्या बरोबरीच्या. त्याच विद्यापीठाच्या २०२३ च्या पाहणीत सनदी शाळांतली मुले वर्षाला वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे दिसली. म्हणजे पाटी बदलून मूल शिकत नाही. मास्तर टिकला, वर्ग रोज भरला, तर शिकते.

हे इतक्या लांबचे कशाला सांगतो? आपल्याकडे संचमान्यतेत शिक्षक पटावर मिळतात. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार सरकारने पुढे आणला. वस्ती लहान, मुले थोडी, म्हणून शाळा ‘परवडत नाही’ असे सांगतात. कुणाला परवडत नाही? शाळा लांब गेली की बाप पोराला कसाही पाठवील. पोरीला घरी बसवील, ती वेचणीला जाईल. या खर्चाची नोंद कोणत्या वहीत होते?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. त्या खुर्च्या आपल्या आहेत. समितीत बसा. तीन गोष्टी मागा. शाळेचा कायमचा खर्च पटापासून वेगळा मांडा. निकाल एका सालचा नको, तीन सालांचा सांगा, आणि मूल कुठून कुठवर आले तेही सांगा. शाळा हलवायची तर आधी गावाला हिशेब दाखवा.

कापसाचा खर्च आपण मांडायला शिकलो, तेव्हा भावावर बोलता आले. आता शाळेचा मांडू या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शाळेचा पट, रोजची हजेरी आणि शिक्षकांच्या मंजूर व भरलेल्या जागा कागदावर लिहून आणाव्यात.