तुमची निवड झाली आहे! पण हिशेब केला का?

(या भागाचा लिखित मजकूर. घाटात रेंज गेली किंवा कानाला कंटाळा आला, तर वाचायला.)

रत्नागिरीतून मी परत तुमच्या कानात हजर. आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेज करून सुचवला होता. ते भारीवालं क्रेडिट कार्ड, जे मागून मिळत नाही, बँक स्वतःहून बोलावते, ते घ्यावं की नको?

मी आत्तापर्यंत यावर बोलायचं टाळत होतो. कारण या विषयावर प्रामाणिकपणे बोलायचं तर मला माझीच एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती फार अभिमानाची नाही. पण असो. सुरुवात करूया.

गेल्या जूनमध्ये मला एक फोन आला. मी तेव्हा बागेतल्या खोपीत रिकामे क्रेट रचत होतो. बाहेर धो धो पाऊस, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. आणि फोनवरची ताई म्हणते, ‘‘सर, हे कार्ड आम्ही सगळ्यांना देत नाही. मोजक्याच ग्राहकांना निमंत्रण असतं. तुमची निवड झाली आहे.’’

खोटं कशाला बोलू? छाती फुगली. आपल्याला ‘सर’ म्हणणारं कोण आहे हो इथे? मी लगेच मनातल्या मनात मुंबईच्या विमानतळावर लाउंजमध्ये जाऊन बसलो.

संध्याकाळी डोकं जरा थंड झालं आणि प्रश्न पडला. यांनी मलाच का निवडलं? उत्तर सोपं होतं. एप्रिल आणि मे महिन्यात हापूसच्या पेट्यांचे पैसे माझ्या खात्यात आले होते. जूनमध्ये बँकेच्या कॉम्प्युटरला माझं खातं भरलेलं दिसलं. पण त्याच पैशांतून पुढचं वर्षभर खत, फवारणी, साफसफाई, राखणदाराचा पगार आणि घर चालवायचं आहे, हे कॉम्प्युटरला कुठे दिसणार? बाबांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, ‘‘अरे, श्रावणात विहीर काठोकाठ भरलेली असते. म्हणून मे महिन्यात तिला पाणी असेल असं नाही.’’

आता हिशेबाकडे येऊ. मला फोन करणाऱ्या बँकेचं नाव मी घेणार नाही आणि तिच्या कार्डाचे आकडेही वापरणार नाही. उदाहरणासाठी या वर्गातलं सगळ्यात चर्चेतलं कार्ड घेऊ, एचडीएफसीचं इन्फिनिया. अटी सतत बदलतात, त्यामुळे तुम्ही घ्यायच्या आधी बँकेच्या साइटवर ताज्या अटी बघाच. पण हिशेबाची पद्धत बदलत नाही.

या कार्डाची वर्षाची फी १२,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,७५० रुपये. फी भरली की १२,५०० पॉइंट परत मिळतात. शिवाय दर १५० रुपयांच्या खर्चावर ५ पॉइंट. विमानतळावरची लाउंज देशात आणि परदेशात कितीही वेळा. ऐकायला मस्त ना?

समजा, तुम्ही वर्षाला ४ लाख रुपये या कार्डावर खर्च केले. त्याचे झाले साधारण १३,३३३ पॉइंट. फीबरोबर मिळालेले १२,५०० त्यात मिळवा. एकूण २५,८३३ पॉइंट.

आता खरी गंमत इथे आहे. या पॉइंटची किंमत किती? बँकेच्या पोर्टलवरून विमानाचं तिकीट किंवा हॉटेल बुक केलंत, तर एक पॉइंट म्हणजे एक रुपया. तिथेही बिलाच्या ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट चालतात, उरलेले पैसे खिशातून. म्हणजे भरपूर फिरणाऱ्या माणसाला २५,८३३ रुपयांचा माल मिळाला, फी गेली १४,७५०. फायदा ११ हजारांच्या वर.

पण तुम्ही विमानाने फिरतच नसाल आणि तेच पॉइंट कार्डाच्या बिलात वळते करून घेतलेत, तर एका पॉइंटचे मिळतात ३० पैसे. मग त्याच २५,८३३ पॉइंटचे झाले ७,७५० रुपये. फी १४,७५०. म्हणजे ७,००० रुपयांचा तोटा! कार्ड तेच, खर्च तोच. एक माणूस ११ हजारांनी वर, दुसरा ७ हजारांनी खाली. फरक फक्त त्या माणसाच्या आयुष्यात.

म्हणून माझा पहिला नियम: ज्या गोष्टीवर तुम्ही तसाही खर्च करणार होतात, तेवढाच फायदा मोजायचा. लाउंजचं घ्या. मी वर्षातून फार तर एकदा विमानात बसतो. रत्नागिरीकराला विमान पकडायचं म्हणजे मुंबई गाठा, नाहीतर गोवा, नाहीतर कोल्हापूर. तिथे पोचायलाच अर्धा दिवस जातो. बाकी सगळा प्रवास कोकण रेल्वेने. आपलं लाउंज म्हणजे मांडवी एक्सप्रेसची पॅन्ट्री! जाताना आणि येताना विमानतळावर मी जे तीनशे-चारशे रुपयांचं खाल्लं असतं, तेवढीच माझ्यासाठी लाउंजची किंमत. वेबसाइटवर हजारोंचा आकडा लिहिलेला असला तरी.

दुसरं, ४ लाख रुपये कार्डावर खर्च होणार कुठे? मिरकरवाड्याला मासे घ्यायला गेलात तर मावशींना कार्ड दाखवणार का? रिक्षा, भाजी, दूध, मजुरी, सगळं रोख नाहीतर यूपीआय. आणि यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडायचं तर ते रुपे कार्डच लागतं. व्हिसा किंवा मास्टरकार्डवरचं महागडं कार्ड तिथे चालत नाही. पेट्रोलवर पॉइंट नाहीत, घरभाड्यावर नाहीत. मग उरतं काय? विमा, ऑनलाइन खरेदी, कधीतरी एखादा फ्रीज. माझा हिशेब दीड लाखाच्या पुढे जाईना.

इथेच सापळा आहे. या कार्डाची फी माफ करून घ्यायची तर वर्षाला १० लाखांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणजे महिन्याला ८३ हजारांच्या वर. मग माणूस फी वाचवायला खर्च करायला लागतो. पंधरा हजार वाचावेत म्हणून पन्नास हजारांचा टीव्ही. हसू नका, असे लोक माझ्या ओळखीत आहेत.

आणि पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत, हेही लक्षात ठेवा. ॲक्सिस बँकेचं मॅग्नस कार्ड आठवतंय? महिन्याला १ लाख खर्च केला की २५,००० पॉइंट, म्हणून तरुण मुलं त्याच्यावर तुटून पडली होती. १ सप्टेंबर २०२३ पासून तो लाभ बंद झाला आणि वर्षाची फी १० हजारांवरून १२,५०० झाली. यात बेकायदा काही नाही. आगाऊ सूचना देऊन बँक अटी बदलू शकते. फक्त आपण त्या पॉइंटवर पुढच्या तीन वर्षांची स्वप्नं बांधू नयेत.

आता ती गोष्ट सांगतो, जी मी टाळत होतो.

या निमंत्रणाच्या दोन वर्षं आधी माझ्याकडे एक साधं क्रेडिट कार्ड होतं. एका नोव्हेंबरमध्ये मोहोराच्या फवारणीची औषधं आणि पेट्यांचं सामान मिळून ६० हजारांची खरेदी मी त्या कार्डावर केली. विचार असा की, एप्रिलमध्ये पैसे येतीलच. बिल आलं. त्यावर लिहिलं होतं, किमान देय रक्कम ३,००० रुपये. मी ३,००० भरले आणि निवांत झोपलो.

मंडळी, किमान देय रक्कम भरली की लेट फी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. व्याज चालूच राहतं. साध्या कार्डावर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ६० हजारांवर महिन्याला जवळपास २,५०० रुपये. म्हणजे मी भरलेल्या ३,००० मधले फक्त पाचशे मुद्दलात जायचे. एवढंच नाही, जुनं बिल थकलेलं असताना कार्डावर नवीन काही घेतलं, तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. ते बिनव्याजी ४५-५० दिवस विसरायचे. मे महिन्यात मी सगळं फेडलं, तोपर्यंत १४ हजारांच्या आसपास व्याजात गेले होते. त्या वर्षी आंबा उशिरा आला, पण दोष आंब्याचा नव्हता. कार्डाचं घड्याळ ५० दिवसांचं. आंब्याचं घड्याळ सहा महिन्यांचं. मी दोन्ही एकाच भिंतीवर टांगली.

आणि लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. त्याच वेळी आमच्या घरातल्या कपाटात दुसरं एक क्रेडिट कार्ड पडलेलं होतं. बाबांचं किसान क्रेडिट कार्ड.

ही योजना १९९८ पासून आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, ते म्हाताऱ्या माणसांचं, सोसायटीच्या रांगेतलं काहीतरी. त्याला लाउंज नाही, पॉइंट नाहीत, कोणी इन्स्टावर त्याचा फोटो टाकत नाही. पण आकडे बघा. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर सवलतीचा दर वर्षाला ७ टक्के. वेळेत परतफेड केली तर आणखी ३ टक्के सवलत, म्हणजे पडतात ४ टक्के. १ लाख रुपयांवर ४,००० रुपये, वर्षाला. साध्या क्रेडिट कार्डावर १ लाख थकवले तर साडेतीन हजार व्याज आणि ६३० रुपये जीएसटी, म्हणजे ४,१३० रुपये. महिन्याला! एका कार्डाचं वर्षाचं व्याज दुसऱ्या कार्डाच्या एका महिन्याच्या व्याज आणि जीएसटीपेक्षा कमी. शिवाय परतफेडीची मुदत पीक विकून पैसे हातात यायच्या वेळेप्रमाणे ठरते. ते घड्याळ आंब्याचंच आहे.

मग मी बाबांना विचारलं का नाही? लाज वाटली. धंदा मी ऑनलाइन नेला, मीच सगळ्यांना पैशांचं ज्ञान देतो, आणि फवारणीसाठी बाबांकडे हात पसरायचा? त्या लाजेची किंमत १४ हजार रुपये.

म्हणून जूनमध्ये तो निमंत्रणाचा फोन आला, तेव्हा मला स्वतःलाच विचारावं लागलं. मला हे कार्ड हवंय, की कोणीतरी मला ‘निवडलं’ हे हवंय?

मी असं म्हणत नाही की असं कार्ड कोणीच घेऊ नये. माझा एक मित्र मर्चंट नेव्हीत आहे. वर्षातून चार-पाच वेळा विमानतळ, बायको-मुलांची तिकिटं, परदेशातली खरेदी. साध्या कार्डावर परकीय चलनाच्या खर्चाला बहुतेकदा साडेतीन टक्के जादा लागतात, या वरच्या वर्गातल्या कार्डांवर दोन टक्के. त्याला पगार ठरलेला, आणि बिल ऑटो-पेवर पूर्ण भरलं जातं. त्याच्यासाठी हे कार्ड अगदी बरोबर. आखातात नोकरी करून वर्षातून दोनदा घरी येणारे आपले लोक आहेत, त्यांनीही हिशेब जरूर करून बघावा.

तुमच्यासाठी तीन प्रश्न. एक: गेल्या बारा महिन्यांत मी विमानावर आणि हॉटेलवर खरोखर किती खर्च केला? अंदाज नको, यूपीआय आणि बँकेचं स्टेटमेंट उघडा. दोन: माझे पैसे दर महिन्याला येतात की हंगामाला? हंगामाला येत असतील, तर सगळ्यात वाईट महिन्यातही मी पूर्ण बिल भरू शकेन का? तीन: हे कार्ड कोणाला दाखवता आलं नाही, तरी मी घेईन का?

जाता जाता तुमचे हक्कही सांगतो. रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँक कार्ड देऊ शकत नाही. न मागता दिलं आणि बिल लावलं, तर ते रद्द करून दुप्पट दंड तुम्हाला द्यावा लागतो. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करायची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवी, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड. तेव्हा ‘‘पहिलं वर्ष फ्री आहे, घेऊन ठेवा’’ म्हणून घेतलं असेल, तर दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या आत बंद करा. फोनवर नको, लेखी विनंती करा.

मी काय केलं? त्या ताईंना नम्रपणे नाही म्हणालो. बिनफीचं, कमी मर्यादेचं एक रुपे कार्ड घेतलं, यूपीआयला जोडलं आणि पूर्ण बिलाचं ऑटो-पे लावलं. आणि एका रात्री जेवताना बाबांना त्या १४ हजारांचं सांगून टाकलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते भात कालवत होते, मान वर न करता म्हणाले, ‘‘मला सांगायचंस ना रे तेव्हाच.’’ एवढंच. यंदा फवारणीचे पैसे त्यांच्या केसीसीतून आले.

तर मंडळी, तुम्हालाही असा ‘निवड झाली आहे’ वाला फोन आलाय का? तुम्ही काय केलंत, ते मला नक्की कळवा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा, जो किमान देय रक्कम भरून निवांत झोपतोय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!