मनाची कंट्रोल रूम

(मंडळाच्या शुक्रवारच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो 'ध्यान आणि अंतर्ज्ञान'. विषय भारदस्त आहे, आणि बोलणारा मात्र जुबेलच्या एका कारखान्यात शिफ्ट करणारा माणूस. संस्कृतचे माझे मार्क आमच्या मास्तरांना माहीत होते, ते आता हयात नाहीत. त्यामुळे मी माझ्या धंद्याच्या भाषेतच बोलणार. इथे बसलेल्यांपैकी निम्मे प्लांटवालेच आहेत. उरलेल्या निम्म्यांनी, म्हणजे आमच्या वहिनीवर्गाने, आमच्या जेवणाच्या टेबलावर हे शब्द इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

आमच्या कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो तेव्हा ऑपरेटर पहिली गोष्ट काय करतो? धावत सुटत नाही. तो अलार्म 'ॲक्नॉलेज' करतो. म्हणजे इतकेच म्हणतो, की बाबा, तू वाजलास, मी पाहिले. मग कुठला टॅग आहे, प्रेशर आहे की लेव्हल, किती जुना आहे, खरा आहे की सेन्सॉर बिघडलाय, हे बघतो. त्यानंतर हात हलवायचा की नाही ते ठरते. दहा मिनिटांत एका ऑपरेटरसमोर दहापेक्षा जास्त अलार्म आले की त्याला आम्ही 'अलार्म फ्लड' म्हणतो, पूरच तो. १९९४ च्या जुलैमध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. चौकशीत निघाले, की स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. त्यात कामाचा कुठला आणि बिनकामाचा कुठला, हे कोण निवडणार? माहिती सगळी समोर होती. अगदी भरपूर होती. कमी होते ते शहाणपण सुचायला लागणारे मोकळेपण.

आता मला सांगा, रात्री अंथरुणावर पडल्यावर तुमच्या डोक्यात दहा मिनिटांत किती अलार्म वाजतात? इकाम्याची तारीख. मुलीची दहावी. आईचा गुडघा. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता. सुपरवायझर आज नीट का बोलला नाही. आणि तो फोन! गावाकडचा फोन अवेळी वाजला, की कोणाचा आहे हे बघायच्या आधी पोटात गोळा येतो. भारत आपल्या अडीच तास पुढे. तिकडे सहाला उठलेल्या काकांनी सहज म्हणून लावलेला फोन इथे साडेतीनला वाजतो. काका विचारतात, "काय रे, झोपला होतास का?" आणि आपली छाती पुढचा अर्धा तास धडधडत असते.

इथे आपल्या मराठीची एक गंमत सांगतो. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, घशाशी आवंढा येतो, तळपायाची आग मस्तकात जाते, हातापायांतले बळ जाते. आपल्या भाषेने भीती, दुःख, संताप हे सगळे शरीरात कुठे घडते ते पत्त्यासकट लिहून ठेवले आहे. विचार मनात येतो आणि त्याच क्षणी अंगात काहीतरी होते. आपण आयुष्यभर या अंगातल्या 'काहीतरी'वर उड्या मारत असतो आणि समजतो की आपण विचारपूर्वक वागलो. विपश्यना म्हणजे, माझ्या अल्प समजुतीप्रमाणे, हा पत्ता शोधून काढून तिथे शांतपणे जाऊन बसणे.

इगतपुरी तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लागतात, घाट चढतो, आणि वर आलो की गार वारा आणि वडे. त्याच गावातल्या डोंगरउतारावर १९७६ पासून धम्मगिरीचे केंद्र आहे. मी तिथे गेलो तो एका वार्षिक सुट्टीत, ऐन पावसात. घरी सांगितले की दहा दिवस बोलायचे नाही, तेव्हा सौ. म्हणाली, "त्यासाठी इगतपुरीला कशाला जायला हवं? इथेही कुठे बोलता!"

नियम कडक आहेत. पहाटे चारला घंटा. दिवसभरात सुमारे दहा तास बसणे. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या माणसाला चहा आणि थोडी फळे-चुरमुरे, की संपला दिवस. फोन, पुस्तक, वही सगळे जमा. पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्याने पुढच्यांसाठी इच्छेप्रमाणे दान द्यायचे. पहिले तीन दिवस फक्त श्वास, ज्याला आनापान म्हणतात. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, त्याला कुठलेही नाव किंवा मंत्र जोडायचा नाही. ऐकायला सोपे. मी तीन श्वासांनंतर जुबेलमध्ये होतो आणि कूलिंग वॉटर पंपाचे बेअरिंग बदलत होतो. परत श्वास. परत पंप. चौथ्या दिवशी खरी विपश्यना सुरू होते: डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना क्रमाने पाहत जायचे, सुखद असो वा दुखरी. गुडघा ठणकतोय, तर ठणकतोय. त्याच्याशी भांडण नाही आणि त्याची मनधरणीही नाही.

ही विद्या सत्यनारायण गोएंका यांनी भारतात परत आणली, आणि त्यांची गोष्ट आपल्यासारख्या परदेशस्थांना फार जवळची वाटावी. जन्म १९२४ चा, मंडालेचा. बर्मात व्यापार करणारे मारवाडी कुटुंब. डोकेदुखी एवढी भयंकर, की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. देशोदेशीचे डॉक्टर झाले. शेवटी १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू म्हणजे कोणी गुहेतले साधू नव्हते. बर्मा सरकारचे अकाउंटंट जनरल! कचेरी सांभाळून शिकवणारे. डोकेदुखीसाठी आलो म्हटल्यावर त्यांनी आधी चक्क नकार दिला. म्हणाले, त्यासाठी ही विद्या नाही. मला हा नकार फार आवडतो. पुढे १९६९ मध्ये गोएंका भारतात आले, त्यामागे एक कारण होते इकडे आजारी असलेली आई. बर्मातून बाहेर पडायला पासपोर्ट मिळणे तेव्हा महाकठीण होते. आई आजारी आणि माणूस कागदासाठी अडलेला, हे तुम्हाला मी काय समजावू? त्याच वर्षी जुलैत मुंबईतल्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले. साधक मूठभर, त्यात त्यांचे स्वतःचे आईवडीलही होते. २०१३ मध्ये ते गेले. आज केंद्रांवर त्यांच्या ध्वनिमुद्रणावरूनच शिबिरे चालतात. २००९ मध्ये खुला झालेला गोराईचा पॅगोडा तर बहुतेकांनी सुट्टीत पाहिला असेल, निदान बोटीतून.

या परंपरेत प्रज्ञेचे तीन प्रकार सांगतात. ऐकून मिळालेली ती श्रुतमयी, विचार करून पटलेली ती चिंतनमयी, आणि स्वतःच्या अनुभवातून आलेली ती भावनामयी. नवा इंजिनियर मॅन्युअल वाचून येतो, ती पहिली. ड्रॉइंग समोर घेऊन लाईन कुठून कुठे जाते हे समजून घेतो, ती दुसरी. आणि वीस वर्षे काढलेला फोरमन पंपाच्या अंगावर हात ठेवून म्हणतो, "हा उद्यापर्यंत टिकणार नाही," ती तिसरी. आपल्याकडे पहिल्या दोन प्रकारांची चंगळ आहे. मनाचे श्लोक २०५ आहेत आणि आपली पोरे ते स्पर्धेत धडाधड म्हणतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मन आवरत नाही अशी तक्रार केली, श्रीकृष्णाने उत्तर दिले अभ्यास आणि वैराग्य, हेही आपण जाणतो. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना त्यांनी मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोरासारखे पाहिले. ती मला वाटते तिसऱ्या प्रकारातली नजर.

आता या सगळ्याचा व्यवहारात उपयोग काय, असे देशपांडेकाका मघाशी चहाच्या वेळी विचारत होते. सांगतो.

जुलै २०१७ पासून आपल्याला डिपेंडंट फी लागली. दरमहा माणशी १०० रियाल, दरवर्षी १०० ने वाढत २०२० मध्ये ४००. आमच्याकडे डिपेंडंट तीन. म्हणजे शेवटी महिन्याला १२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल. त्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळातली किती घरे रिकामी झाली, तुम्हाला आठवत असेल. एअरपोर्टवर सोडायला जाणे हा तेव्हा शुक्रवारचा कार्यक्रमच होऊन बसला होता. आमच्या घरीही प्रश्न आला: सौ. आणि मुलांना नाशिकला पाठवायचे का?

तेव्हा मी रोज पहाटे बसत होतो, आणि रोज पहाटे हाच हिशेब समोर येत होता. १४,४०० अधिक शाळेची फी, अधिक तिकिटे. मी तो हिशेब थांबवायचा प्रयत्न केला नाही. आला, पाहिला, श्वासावर परत. असे दहाबारा दिवस गेल्यावर एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. आकड्यांपाशी अंगात काहीच होत नव्हते. हिशेब संपला की त्याच्या शेपटाला धरून एक चित्र यायचे: मुले नाशिकच्या घरी टेबलावर अभ्यास करतायत आणि माझी खुर्ची रिकामी. त्या चित्रापाशी घसा दाटायचा. आणि कधी दुसरे चित्र यायचे, लग्नाच्या मांडवात कोणीतरी विचारतंय, "काय, बिऱ्हाड परत आलं म्हणे?" तिथे कान तापायचे. म्हणजे पैसा हा नुसता वाजणारा अलार्म होता. खाली दोन खरे होते, एक वियोगाचा आणि एक लोकलाजेचा. लोकलाजेचा अलार्म खरा असला तरी त्याच्यावरून प्लांट चालवत नाहीत, एवढे मला नोकरीने शिकवले आहे.

हे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही विचारलं कुठे?" मग आम्ही मुलीची बारावी होईपर्यंत एकत्र राहायचे ठरवले, दरवर्षीची भारतवारी एक वर्षाआड केली, गाडी जुनीच ठेवली. ध्यानाने फी माफ झाली नाही. ती दरवर्षी भरली. आमच्या शेजाऱ्यांनी नेमके उलट ठरवले, कुटुंब पाठवले, आणि त्यांचाही निर्णय त्यांच्यापुरता विचार करूनच घेतलेला होता. आतला आवाज म्हणून काही वेगळे बोलणारे यंत्र असते असे मला कधी आढळले नाही. गलका कमी झाला की जे आधीपासून समोर होते ते दिसते, इतकेच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. दहा दिवस मौनात बसणे हे सगळ्यांसाठी नाही. तीव्र नैराश्य किंवा मनाचा दुसरा आजार असेल, गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टर. केंद्राच्या अर्जातही हे प्रश्न असतात, तिथे खरे लिहा. कोणी "ध्यान कर, गोळ्या सोड" असे सांगत असेल तर त्याचे अजिबात ऐकू नका. इथे एकटे राहणारे आपले कितीतरी तरुण कॅम्पात गप्प गप्प होत जातात. त्यांना डोळे मिटायला सांगण्याआधी घरी जेवायला बोलवा.

बाकी सौदीत हे कसे जमते, असे भारतातले लोक विचारतात. घरात डोळे मिटून श्वास पाहायला अडचण कसली? योगाला तर इथे नोव्हेंबर २०१७ मध्ये क्रीडाप्रकार म्हणून मान्यताच मिळाली, आणि त्यासाठी झटणाऱ्या नौफ मारवाई यांना आपल्या सरकारने २०१८ मध्ये पद्मश्री दिली. माझे घड्याळ म्हणजे फज्रची अजान. शेजारचा सुदानी गृहस्थ मशिदीकडे निघतो, त्याच्या दाराचा आवाज येतो, मी उठून बसतो. एकदा लिफ्टमध्ये त्याने विचारले, तुझ्या खोलीत इतक्या पहाटे दिवा कसा? म्हटले, थोडा वेळ गप्प बसतो. "चांगलंय," म्हणाला, "बायको झोपलेली असते तेव्हाच जमतं."

गोएंकाजी सकाळ-संध्याकाळ एकेक तास सांगत. शिफ्टवाल्याचे गणित वेगळे असते. माझी सकाळची चाळीस मिनिटे ठरलेली आहेत, नाईट असली की आल्यावर, अंघोळीनंतर, झोपण्याआधी. एसीचा आवाज राहू द्या, तोही ऐकू येतोय हे कळू द्या. मुलांना दहा मिनिटे पुरतात. महाराष्ट्रातल्या शाळांत 'मित्र उपक्रम' या नावाने आनापान शिकवतात, तुमच्या भाचे-पुतण्यांना विचारा, त्यांना माहीत असेल.

पुढच्या शुक्रवारी सकाळी आठला आमच्याकडे पाचसहा जण वीस मिनिटे बसणार आहोत, नंतर पोहे आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या आहेत. येताना फोन गाडीत ठेवा, आणि गावाकडे आधीच सांगून या, की अर्धा तास उचलणार नाही.