जिंजी प्रांताचा मराठी कारभार
(शोळिंगनल्लूर येथील माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शोळिंगनल्लूरहून दक्षिणेस निघून टिंडिवनमला पश्चिमेकडे वळले की दीडशे किलोमीटरांच्या आत जिंजीचा किल्ला लागतो. रायगडापासून तो सरळ रेषेतही नऊशे किलोमीटरांहून दूर आहे. इतक्या अंतरावरचा प्रांत मराठ्यांनी वीस वर्षे सांभाळला. शालेय पुस्तकांत दक्षिण दिग्विजयाच्या स्वाऱ्या येतात, पण मागे राहिलेल्या कारभाराकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

१६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जिंजी विजापूरकरांकडून घेतली आणि लगेच तेथे महाराष्ट्रातील रीत लावली. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. शिपाई व किल्ल्या हवालदाराच्या हाती, हिशेब व हजेरी सबनिसाकडे, कोठाराची जबाबदारी कारखानिसाची. एकट्याच्या मनात फितुरी आली तरी गड देता येऊ नये, हा त्यातील हेतू. प्रांताची एकंदर देखरेख रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे होती. जुने तट पाडून नवे बांधले गेले, खंदक खणले गेले. हे काम युरोपीयांनाही कमीपणा आणणारे नव्हते, असे आंद्रे फ्रेरे या जेझुइट पाद्र्याने १६७८ मध्ये कळवले. त्याच सुमारास महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडे विषावरील उतारे मागितले, ते मिळाले. पुढे तोफा व तटबंदीचे जाणकार मागितले, तेव्हा मात्र गोड शब्दांत नकार आला. व्यापाऱ्याला आपला फायदा नेमका कळतो!

गडासाठी तिघांची योजना झाली, पण प्रांताधिपतीला आवर घालणारे कोण? खरी कसोटी येथे लागली. संभाजी महाराजांनी आपले मेहुणे हरजीराजे महाडिक यांना जिंजीस नेमले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि त्याच वर्षी हरजीराजेही वारले. राजाराम महाराज वेषांतर करून जिंजीकडे आले, तेव्हा किल्ला व खजिना हरजीराजांच्या पत्नी अंबिकाबाई यांच्या हाती होता. त्या राजाराम महाराजांच्या सावत्र भगिनी. प्रारंभी त्यांनी ताबा देण्यास विरोध केला. पण किल्ल्यातील माणसांचा कल छत्रपतींकडे झुकत गेला आणि अखेर बाईंना दरवाजे उघडावे लागले. बाहेर मोगल असताना आत भावाबहिणीचे युद्ध पेटले असते, तर पुढचा इतिहास कसा घडला असता, याची कल्पनाही करवत नाही.

त्यानंतर हा प्रांतच राजधानी झाला. प्रल्हाद निराजी प्रतिनिधी म्हणून जिंजीत, तर रामचंद्रपंत अमात्य हुकुमतपन्हा होऊन महाराष्ट्रात, असा कारभार विभागला गेला. १६९० मध्ये तेगनापट्टणचा किल्ला इंग्रजांना विकला गेला. तोफेचा गोळा पडेल तेथपर्यंतची गावे त्यासोबत द्यावयाची ठरली. कडलूरच्या परिसरात ती 'गोळ्याची गावे' म्हणून ओळखली गेली. खजिना रिकामा असल्याने सरदारांना वतने व जहागिरी द्याव्या लागल्या. शिवाजी महाराजांनी रोख पगाराची जी शिस्त बसवली होती, ती येथे मोडली. त्याबद्दल दोष देणे सोपे आहे. पण वेढ्यात बसलेल्या राजापाशी द्यायला दुसरे होते तरी काय?

१६९८ च्या आरंभी झुल्फिकारखानाने जिंजी घेतली आणि तिला नुसरतगड हे नाव मिळाले. राजाराम महाराज त्याआधीच निसटले होते. पुढे ते विशालगडास पोहोचले.