भूमीचे वाचन शिकविणारी विद्या
(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात दौऱ्यावर असताना एका शाळेचे नव्याने सुशोभित केलेले आवार पाहण्यात आले. सारे अंगण फरशीने मढविलेले. कडुलिंबाच्या बुंध्याला टेकेल असे सिमेंट. कडेचा लहानसा ओहोळ बुजवून तेथे कारंजे बसविले होते. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी जुनी वाट शोधीत थेट वर्गात शिरले. काम करणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. जमीन वाचावयाची तेवढी राहून गेली होती.

हे वाचन शिकविणारी एक विद्याशाखा आहे. तिला लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजेच भूदृश्यरचनाशास्त्र, असे म्हणतात. ती केवळ बागकामाची शाखा होय, हा समज दूर व्हावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा ओल्मस्टेड व वॉ यांनी १८५८ साली तयार केला. तेथील जे निसर्गदत्त भासते, त्यातील पुष्कळसे दलदलीचा निचरा करून व माती आणून घडविलेले आहे. हार्वर्ड विद्यापीठाने १९०० साली या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्या देशात दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ साली पदव्युत्तर शिक्षणास आरंभ झाला. वास्तुशास्त्राची पदवी घेतल्यानंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, हा आपल्याकडील रूढ मार्ग होय.

विद्यार्थी तेथे काय शिकतो? समोच्च रेषांवरून उतार ओळखणे, मातीची निचराशक्ती तपासणे, कोणत्या झाडाची मुळे किती पसरतील व सावली कोठे पडेल हे जाणणे, लोकांची वहिवाट न्याहाळणे. इयान मॅकहार्ग यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात एक पद्धत मांडली. उतार, माती, पाणी, वनस्पती यांचे निरनिराळे नकाशे एकमेकांवर ठेवावयाचे आणि कोठे बांधावे, त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे बांधू नये, हे ठरवावयाचे. हेच काम आज संगणकावर होते.

या ज्ञानाची उपेक्षा महाग पडते. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाने सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद केली. एवढा पाऊस कोणत्याही शहरास जड गेला असता. परंतु भराव व बांधकामांनी आक्रसलेल्या मिठी नदीच्या पात्रामुळे हानी अधिकच वाढली.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे : चित्रकलेचा हात आणि भूगोलाची ओढ असलेला विद्यार्थी आढळल्यास त्याला या शाखेची माहिती अवश्य द्यावी. आणि पंचायत सदस्यहो, सुशोभीकरणाचा ठराव करण्यापूर्वी गावातील एखाद्या वृद्धास विचारावे, ‘आजोबा, इथून पाणी कसे वाहत असे?’ त्यांचे उत्तर नकाशावर उतरवून घ्यावे आणि मगच कुदळ मारावी.