चुकीचा आदर



यंत्रमानव व कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रांतील एक अग्रणी सीमोर पेपर्ट (१९२८–२०१६) यांचे कार्य आपणांस विशेष मननीय आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या या गणितज्ञाने जिनीव्हा येथे बालमनाचे अभ्यासक ज्याँ पियाजे यांच्यासमवेत काम केले. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेचे ते सहसंचालक झाले.

१९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांकरिता ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. पुढे तिच्या आज्ञेने चालणारे यांत्रिक कासव जमिनीवर रेघ ओढू लागले. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असे चार वेळा सांगितले की चौरस होई. ९० ऐवजी ८० सांगितल्यास चौरस मिटत नसे; परंतु कासव रागावत नसे, गुणही कापीत नसे. मूल स्वतः कासवाप्रमाणे चालून पाही, चूक शोधी व सुधारी. चूक हा अपराध नव्हे, तो विचाराचा माग आहे, हे पेपर्ट यांच्या कार्याचे सार होय.

याकरिता संगणकच हवा असे नाही; शाळेचे अंगण पुरे. मात्र पाटीवरील चुकीचे उत्तर पुसण्यापूर्वी मुलास एकवार विचारावे, ‘बाळ, हे तू कसे केलेस?’ आणि उत्तर शांतपणे ऐकावे.