पाना कुणाच्या हातात?

(मावळातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मुलीला सायकल मिळाली की तिची शाळा सुरू राहणार, असं आपण धरून चालतो. मावळातल्या गावांत फिरताना मला मात्र पडवीत, गोठ्यालगत नुसत्याच उभ्या असलेल्या मुलींच्या सायकली दिसतात. कारण विचारावं तर एवढंसं असतं. ट्यूब गेली, चेन उतरते, ब्रेक लागत नाही. दुकान कामशेतला नाहीतर वडगावला. तिथे नेणार भाऊ आणि भावाला सवड नाही. पंधरा दिवस शाळा बुडते. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "तशीही दहावीनंतर काय करणार होती?" भावाची सायकल मोडली तर ती संध्याकाळपर्यंत नीट होते, हेही सांगायला हवं.

म्हणून आज मी पाना घेऊन आले आहे.

लोणावळ्याकडे वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या साध्या सायकलीचा ब्रेक रिमवर घासतो. रिम ओली असली की रबर आधी पाणी पुसतं, मग पकडतं. तेव्हा पावसात ब्रेक लवकर आणि हलके हलके दाबायचे, दोन्ही मिळून. उतारावर नुसता पुढचा करकचून दाबला तर डोक्यावर पडाल. रबरावरच्या खाचा गेल्या की रबर बदला. (ते स्वस्त मिळतं. तेवढ्या पैशांसाठीही बाईला हात पसरावा लागतो, हा विषय आपल्याला नवा नाही.) चेन भिजली की फडक्याने पुसून थेंब थेंब तेल सोडा. खोबरेल नको, थंडीत थिजतं. आणि तेलाचा हात रिमला लावू नका, ब्रेक घसरेल. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपून फाटते, म्हणून निघताना टायर अंगठ्याने दाबून पाहायचा. ओढणी कंबरेला घट्ट बांधा, चाकात गेली की गळ्याला फास बसतो.

आता रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला. त्यासाठी जमिनी आपल्या गावांच्या गेल्या, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. आपली सायकल जुन्या महामार्गावर, ट्रक-डंपरच्या शेजारी. धुक्यात मागून येणाऱ्याला ती दिसावी म्हणून मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा हवाच. पण कडेची साइडपट्टी खचलेली असेल तर मुलीने चालवायचं कुठे? ही मागणी ग्रामसभेत आपणच लावून धरायची. नाहीतर "मुलींनी अंधारात जायचंच कशाला" हा ठराव तोंडी पास झालेलाच असतो.

तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991-92 च्या सुमाराला साक्षरता चळवळीत हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तर त्यांनी जेन्ट्स घेतल्या, आणि म्हणाल्या की बरंच झालं, दांडीवर मूल बसवता येतं! टवाळी तिथेही झाली. त्या थांबल्या नाहीत.

असो. बोलणं पुरे. अंगणातली ती सायकल उलटी करा, घमेल्यात पाणी घ्या. मागच्या चाकाचं पंक्चर आहे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, टायरमधला काटा आधी काढायचा. चाक कोण सोडवतंय?