सूर्यप्रकाश आणि शेवाळाची शेती

प्रकाशावाचून हिरव्या वनस्पतीचे पोषण नाही, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. तेव्हा प्रकाश जितका अधिक, तितकी वाढही अधिक, असा समज होणे साहजिकच होय. परंतु पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा अनुभव निराळा आहे.

‘क्लोरेला’ हे असेच एक एकपेशीय शेवाळ. त्याची पेशी इतकी लहान की, ती पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्रच हवे. १८९० साली हॉलंडमधील शास्त्रज्ञ बायरिंक यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. तेव्हापासून वनस्पतींच्या अन्ननिर्मितीचे कोडे उलगडू पाहणाऱ्यांचा तो आवडता विषय होऊन बसला.

मंद प्रकाश हळूहळू वाढवीत नेला, म्हणजे या शेवाळाचे अन्नोत्पादनही त्या प्रमाणात वाढते. मात्र भर दुपारच्या उन्हाच्या एक दशांशाच्या आसपासच ही वाढ बहुधा खुंटते. त्यापुढील प्रकाश बव्हंशी उष्णतेच्या रूपाने वाया जातो. आणि तो अतिप्रखर झाल्यास पेशीतील अन्ननिर्मितीची यंत्रणाच दुखावते.

असे का व्हावे? १९३२ साली अमेरिकेत रॉबर्ट इमर्सन व विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेलावर क्षणमात्र चमकणारा प्रकाश पाडून याचा उलगडा केला. अन्ननिर्मितीचे दोन टप्पे आहेत. प्रकाश ग्रहण करण्याचा पहिला टप्पा सेकंदाच्या सुमारे एक लक्षांश भागात उरकतो. दुसऱ्या, रासायनिक टप्प्यास प्रकाश लागत नाही, पण वेळ लागतो : २५ अंश सेल्सिअस उष्णतामानात ०.०४ सेकंदाहून कमी, तर १.१ अंशास सुमारे ०.४ सेकंद. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या चार जणी बसल्या, पण तवा एकच असला, तर पोळ्या अधिक होत नाहीत. लाटलेल्या मात्र वाळून जातात. तसाच हा प्रकार.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाच्या अन्नटंचाईवर उपाय म्हणून प्रथिनांनी समृद्ध अशा या शेवाळाकडे अनेकांचे लक्ष लागले. कार्नेगी संस्थेच्या पुढाकाराने १९५१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे त्याची प्रायोगिक लागवडही झाली. अशा लागवडीत तवा आणि पोळ्यांचा हाच हिशेब आडवा येतो. पृष्ठभागावरील पेशींना पचेल त्याहून अधिक ऊन मिळते, तर तळाच्या पेशी वरच्यांच्या सावलीत उपाशी राहतात. शिवाय रात्री श्वसनामुळे दिवसाच्या कमाईतील काही भाग खर्ची पडतो.

म्हणून पाण्याचा थर उथळ ठेवतात, शेवाळ फार दाट होण्यापूर्वी काढून घेतात आणि पाणी सतत ढवळतात. ढवळल्याने पेशी आळीपाळीने उजेडात व सावलीत जातात आणि प्रकाशाची वाटणी अधिक समान होते. पेशीही आपल्या परीने जुळवून घेते : अंधूक जागी ती हरितद्रव्य वाढविते, प्रखर उन्हात कमी करते.

हे ढवळणे आणि पाण्यातून शेवाळ वेगळे काढणे खर्चाचे ठरले. स्वस्त अन्नाची ती आशा त्यामुळे फळास आली नाही. क्लोरेला पूरक आहार म्हणूनच विकले जाऊ लागले. ऊन फुकट मिळते खरे. पण ते प्रत्येक पेशीला, पचेल तेवढेच, पोहोचते करण्यास मोल पडते.